अष्टागरच्या सरपंचांना: बोअरवेलच्या ना-हरकतीवर सही करण्याआधी

प्रति,
आवास, सासवणे, किहीम, थळ, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा आणि आसपासच्या ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच व सदस्य,
तालुका अलिबाग, जिल्हा रायगड.

सप्रेम नमस्कार.

आपल्या ग्रामपंचायतींच्या टेबलावर हल्ली एकाच जातीच्या फायली जास्त दिसतात. भातशेतीचा तुकडा बिनशेती झालेला, त्यावर बंगला, बंगल्यामागे पोहण्याचा तलाव, कोपऱ्यात बोअरवेल. मासिक सभेत सातबारा पाहिला जातो, रस्त्याची रुंदी पाहिली जाते, घरपट्टी किती बसेल याचा अंदाज घेतला जातो. पाणी कुठून आणणार असा प्रश्न आलाच, तर ‘बोअर मारणार आहेत, गावच्या नळावर बोजा नाही’ हे उत्तर सगळ्यांना पटतं. माझा आक्षेप नेमका त्या उत्तरावर आहे.

विहीर वा बोअर ज्याच्या जमिनीत, त्याचं पाणी, असं आपण धरून चालतो. कागदावर ते खपतं. वाळूच्या पोटात मात्र एका वाडीचं, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेचं, पाणी दुसऱ्या वाडीपासून वेगळं नसतं. मागच्या शेतात मुरलेलं पाणी पुढच्या वाडीच्या विहिरीत येतं आणि एका पंपाने ओढलं की शेजारच्या विहिरीखालचं खारं पाणी वर सरकतं. म्हणून बोअरची ना-हरकत आणि शेतातला भराव, दोन्ही निर्णय साऱ्या गावाच्या विहिरींबद्दलचे आहेत. ते तसे घेतले जावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

माझी उभी नोकरी विहिरींत टेप सोडून पातळी मोजण्यात आणि बाटलीत पाण्याचे नमुने भरण्यात गेली. निवृत्त झाल्यावर वडिलांची वाडी बघतो. तेव्हा वाडीवाला म्हणून माझा यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो.

आगराची, म्हणजे आपल्या या किनारपट्टीची, जमीन कशी बसली आहे ते पाहू. पश्चिमेला समुद्र, मग पुळण, मग वाळूचा उंचवटा. त्या उंचवट्यावर आपल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरं. त्याच्या पूर्वेला सखल भातशेती, आणि त्यापलीकडे कनकेश्वर-सागरगडाचे काळ्या कातळाचे डोंगर. पाऊस वर्षाला सरासरी 2000 मिलिमीटरच्या वर, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. वाळूत मुरलेलं हे गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, वरणावर तुपाचा थर तरंगावा तसं. कारण साधं आहे: एक लिटर गोडं पाणी एक किलो भरतं, समुद्राचं पाणी सुमारे 25 ग्रॅम जास्त. या पंचवीस ग्रॅमच्या फरकावर अष्टागर उभं आहे.

या फरकाचं गणित शंभराहून अधिक वर्षांपूर्वी युरोपच्या किनाऱ्यावर दोघांनी स्वतंत्रपणे मांडलं. 1880 च्या दशकाअखेरीस हॉलंडमध्ये बाडोन घायबेन यांनी आणि 1901 मध्ये जर्मनीत हर्झबर्ग यांनी. दोघेही किनाऱ्यालगत गोडं पाणी मिळवण्याच्या खटपटीत होते. हिशेब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी सापडावं. ऐकायला छान वाटतं. पण तोच हिशेब उलटाही चालतो. उपशाने पातळी अर्धा मीटर खाली बसली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी 20 मीटर वर येऊ पाहतं. प्रत्यक्षात वाळूखाली कातळ लागतो, त्यातल्या भेगा वाकड्यातिकड्या असतात, त्यामुळे आकडा जागोजागी बदलतो. दिशा बदलत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी आपल्या बऱ्याच विहिरींची पातळी समुद्रसपाटीच्या फार वर उरलेली नसते. मे महिन्यात आपण कशाच्या आधारावर पाणी उपसतो हे त्यावरून समजावं.

कुलाबा किल्ल्यातली पुष्करणी आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, भर समुद्रात गोडं पाणी म्हणून. कौतुक रास्तच आहे. फक्त त्या पाण्यावर कोणी तीन अश्वशक्तीची मोटर बसवलेली नाही, हेही पाहुण्यांना सांगायला हवं.

खारेपणाचं माप किती नाजूक आहे ते पाहा. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे 19,000 असतं. म्हणजे शंभर लिटर गोड्या पाण्यात दोन लिटर समुद्र मिसळला की पहिली मर्यादा ओलांडली, पाच लिटर मिसळला की दुसरी मर्यादा जेमतेम हाताशी. म्हणून विहीर हळूहळू बिघडते आहे असं वाटत असतानाच एका उन्हाळ्यात मचूळ होऊन बसते. सुपारीला ते आधी कळतं. नारळ बऱ्यापैकी खारं सोसतो, पोफळ सोसत नाही. झावळ्यांची टोकं करपायला लागली की वाडीवाला खताला दोष देतो, मग रोगाला, आणि विहिरीकडे सगळ्यात शेवटी बघतो.

मग इतकी वर्षं हे निभावलं कसं? आपले पूर्वज फार शहाणे होते म्हणून, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे दुसरं साधनच नव्हतं. विहीर उथळ, पाणी उपसायचं रहाटाने, रहाट ओढायचा बैलाने किंवा रेड्याने. जनावर दमलं की उपसा थांबे आणि विहिरीला पुन्हा भरायला वेळ मिळे. प्रत्येक वाडीत आपापली विहीर असल्याने उपसा गावभर पसरलेला राही, एका जागी खड्डा पडत नसे. पाटातून आळ्यात गेलेल्या पाण्यापैकी झाडाला न लागलेलं पाणी त्याच वाळूत परत मुरे. विजेची मोटर आली तेव्हा पहिला आवर सुटला. बोअर आली तेव्हा दुसरा सुटला, कारण उथळ विहीर वरचं गोडं पाणी घेते आणि तळ दिसला की आपोआप गप्प बसते. बोअर मात्र खालूनच ओढते, गोड्या-खाऱ्याच्या सीमेजवळून. त्यावर ‘शंभर फुटांवर पाणी लागलं नाही, दोनशेला लागलं’ असं आनंदाने सांगणारे लोक भेटतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर दोनशे फुटांना पाणी लागणारच. कुठलं, हा प्रश्न आहे.

वाडीलाही पाणी लागतं, कमी लागत नाही, हे मला मान्य आहे. पण वाडीवाल्याची विहीर मचूळ झाली तर त्याची पोफळ मरते, म्हणून तो मोटर बंद करतो. बंगल्याची बोअर खारावली तर मालक टँकर मागवतो, आणि तो टँकर बहुधा पलीकडच्या आळीतल्या विहिरीवर भरलेला असतो. चूक कळण्याची सोयच त्या व्यवस्थेत नाही. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल असा एक मध्यम तलाव एकदा भरायला 48,000 लिटर लागतात. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला ते पाणी जवळपास सहा महिने पुरतं. हजार चौरस मीटरची हिरवळ एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला पाच हजार लिटर सहज पिते. हे आकडे कोणाला लाजवायला देत नाही. तुमच्या टेबलावरच्या अर्जात असे आकडे मागणारा रकानाच नाही, हे दाखवायला देतो.

आणि बाहेरच्यांना शिव्या घालून मोकळं होण्यातही अर्थ नाही. जमिनी विकणारे आपणच आहोत. 2019 मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढवून अलिबाग तालुका त्यात घेतला गेला, मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई इतकी जवळ आली की भाताच्या गुंठ्याचा भाव आणि भाताचा भाव यांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. मुलाच्या शिक्षणासाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी कोणी चार गुंठे विकले, तर त्याला मी काय तोंडाने बोलणार?

बोलायचं आहे ते विकल्यानंतर त्या शेताचं काय होतं याबद्दल. पहिलं काम भरावाचं. डंपरने मुरूम येतो, खाचर तीन-चार फूट उचललं जातं, चहूकडे भिंत होते, पाण्याची जुनी वाट सिमेंटच्या नळीत जाते किंवा बुजते. शेजारच्याच्या शेतात पाणी तुंबलं की भांडण होतं, ते आपण मिटवतो. विहिरींवर होणारा परिणाम मात्र कोणी मोजत नाही, कारण तो पावसाळ्यात दिसत नाही. तो दिसतो मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा भराव कोणाला आठवत नाही.

भातशेती हा आगराचा पाणीसाठा आहे, असं म्हटलं की मला दुरुस्त केलं जातं: चिखलणी केलेल्या खाचरात पाणी फारसं मुरत नाही. बरोबर आहे. चिखलणीमुळे मुरण्याचा वेग कमी होतोच. पण तीन-चार महिने हजारो गुंठ्यांवर पाणी उभं असतं. हळू मुरलं तरी भरपूर मुरतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मागच्या अंगाला पाण्याची पातळी उंच धरलेली राहते. उंचावरून सखलाकडे वाहणं हा भूजलाचाही धर्म आहे. मागे शेतात पातळी उंच असेल तोवर वाळूखालचं गोडं पाणी संथपणे समुद्राकडे सरकत राहतं आणि त्या सरकण्यानेच समुद्र बाहेर थोपवला जातो. मागची पातळी लवकर उतरली की हा रेटा संपतो. भराव घातलेल्या शेतातलं पाणी जुलैतच गटारातून खाडीला मिळतं. आपण समुद्राच्या बाजूला दगडी बंधारे मागतो, धूप थांबावी म्हणून. जमिनीखालून येणाऱ्या समुद्राला अडवणारा बंधारा पूर्वेच्या बाजूला आहे, आणि तो आपण गुंठ्याने विकतो आहोत.

याच शेतांत भातानंतर आपला पांढरा कांदा होतो. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव, सागाव इथल्या त्या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपण फलक लावले. मानांकन कांद्याला मिळालं, पण कांदा ज्या ओलीवर येतो तिला कसलंही संरक्षण नाही. भात गेला की ओल गेली, ओल गेली की कांदाही फलकावरच राहील.

पलीकडे खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातपट्ट्यात, काय झालं ते तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. धरमतर खाडीकाठचे बांध, जुन्या शिलोत्री व्यवस्थेपासून गावांनी मिळून राखलेले, दुर्लक्षाने ढासळले. उधाणाच्या भरतीला बांधांना खांडी पडल्या, खारं पाणी शेतात शिरलं, दोन-चार वर्षांत तिथे कांदळवन उभं राहिलं. कांदळवन वाईट नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण ज्या शेतात पावसाचं गोडं पाणी चार महिने उभं राहत होतं, तिथे आता दिवसातून दोनदा समुद्र येतो, आणि त्याच्या काठच्या विहिरी त्या हिशेबाने बदलल्या. खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात ती बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो, जणू तो तालुका दुसरा आहे.

आता हवामानाबद्दल. मुंबईत अपोलो बंदरला भरतीची नोंद 1878 पासून ठेवली जाते. देशातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी 1874 ते 2004 या काळात वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटरने चढत होती, 1993 नंतरच्या काळात हा वेग सुमारे 3.3 मिलिमीटरवर गेला. समुद्र एक बोट वर चढला की त्यावर तरंगणाऱ्या गोड्या पाण्यालाही वर सरकावं लागतं. पण वर आपली सखल शेतं आणि नाले आहेत, तिथून ते बाहेर वाहून जातं. थर पातळ होतो.

तरीही माझं स्पष्ट मत असं की, आपल्या विहिरी खारावण्याचा दोष आज समुद्राच्या चढण्यावर टाकणं ही पळवाट आहे. वर्षाला तीन मिलिमीटर कुठे, आणि एका रात्रीत मोटरने मीटरभर खाली नेलेली पातळी कुठे! पन्नास-शंभर वर्षांच्या पल्ल्यात समुद्र महत्त्वाचा ठरेल. पुढच्या दहा वर्षांत मोटर आणि मुरूम ठरवतील. हवामानबदलाचा लगेच जाणवणारा भाग वेगळा आहे: पाऊस पडण्याची तऱ्हा. तोच पाऊस कमी दिवसांत, मोठ्या सरींत पडायला लागला की वाळूला आणि खाचराला तो घ्यायला सवड मिळत नाही. सप्टेंबरअखेर लवकर उघडीप पडली तर उपशाचे महिने वाढतात. आणि 3 जून 2020 चं निसर्ग वादळ कोणी विसरलेलं नाही. मुरूड-श्रीवर्धनपासून चौल-रेवदंड्यापर्यंत वाड्या आडव्या झाल्या. झाडं पडल्यावर सावली जाते, वाळू तापते, नव्या रोपांना जुन्या झाडांपेक्षा जास्त वेळा पाणी द्यावं लागतं. वादळाचा हा पाण्याचा खर्च कोणत्याही पंचनाम्यात धरला गेला नाही.

यावर सरकारी उत्तर ठरलेलं आहे, आणि ते तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच: अलिबाग तालुका भूजलाच्या दृष्टीने ‘सुरक्षित’ आहे. खोटं नाही. केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा मिळून जे मूल्यांकन करतात, त्यात वर्षभरात मुरणाऱ्या पाण्याच्या 70 टक्क्यांपर्यंतच उपसा असेल तर तो भाग ‘सुरक्षित’ ठरतो. कोकणात पाऊस एवढा आणि शेतीचा उपसा इतका थोडा की आपण त्या रेषेच्या खूप खाली बसतो. पण ही पद्धत मुळात घाटावरच्या सपाट जमिनींना जास्त साजेशी आहे. नैसर्गिकपणे वाहून जाणाऱ्या पाण्यापोटी तिथे साधारण पाच-दहा टक्के वजा करतात. आपल्या उतारांवर मुरलेलं पाणी दिवाळीपासून होळीपर्यंत ओढ्या-खाड्यांतून किती निघून जातं, ते कोणाही शेतकऱ्याला विचारा. शिवाय ते वार्षिक बेरजेचं पुस्तक आहे. ऑगस्टमध्ये अंगणात पाणी फुटतं आणि मेमध्ये विहीर मचूळ लागते, या दोन्हींची सरासरी ‘सुरक्षित’ येते. ज्या गावात मे महिना काढता येत नाही त्या गावाला त्या शब्दाचा काय उपयोग?

याच कारणाने मला आणखी एका गोष्टीवर कडवटपणे बोलावं लागतं: शोषखड्डा. बंगल्याच्या परवानगीत पाऊसपाणी मुरवण्याची अट घातली, की पाण्याचा विषय संपला असं सगळे मानतात. शंभर चौरस मीटर छपरावर आपल्याकडच्या पावसात दोन लाख लिटर पाणी पडतं, आकडा भव्य आहे. पण जुलैत वाळूतली पातळी तशीही जमिनीला टेकायला आलेली असते. काठोकाठ भरलेल्या वाळूत खड्ड्यातून आणखी पाणी सोडलं तर ते लवकरच समुद्राला मिळतं. पाणी किती मुरलं यापेक्षा ऑक्टोबरनंतर ते किती धीम्या गतीने उतरतं, यावर आपला उन्हाळा ठरतो. म्हणून खड्ड्यापेक्षा छपराच्या पाण्याची बांधीव टाकी बरी, म्हणजे निदान तलाव त्यातून भरेल. त्याहून बरं काम म्हणजे सप्टेंबरअखेर नाल्यांवर वनराई बंधारे घालणं, रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत वाळू-माती भरून. ते काम आपण करतो, पण बहुतेक वेळा फोटोपुरतं आणि डिसेंबरात, जेव्हा नाल्यात अडवण्यासारखं पाणी उरलेलं नसतं.

दुसऱ्यांचं काय झालं तेही थोडक्यात सांगतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मांगरोळ, चोरवाड, वेरावळपासून ऊनापर्यंतच्या पट्ट्यात इंजिनं आणि मोटरी आल्या, नारळ-आंब्याच्या बागा बहरल्या, आणि मग समुद्र जमिनीखालून कित्येक किलोमीटर आत गेला. गुजरात सरकारला 1976 आणि 1978 मध्ये उच्चस्तरीय समित्या नेमाव्या लागल्या. तेव्हापासून भरती अडवणारे दरवाजे, बंधारे, पाणी पसरवणारे कालवे यांवर पैसा ओतला जातो आहे. खारं पाणी आत यायला वीसएक वर्षं पुरली, बाहेर ढकलायला त्याहून कितीतरी जास्त लागताहेत. घरच्या जवळचं उदाहरण वसईचं. तिथेही आपल्यासारख्याच वाड्या, केळीच्या आणि पानवेलीच्या. शहरं वाढली तशी वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागले. 1980 च्या दशकाअखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली ती बेबंद बांधकामांविरुद्ध आणि या उपशाविरुद्ध. त्यांनी बरंच वाचवलं, पण जे गेलं ते परत आलं नाही. वसईच्या तुलनेत आपण अजून तीस वर्षं मागे आहोत, आणि या एका बाबतीत मागे असणं हे नशीब आहे.

‘आमच्या हातात काय आहे?’ असं तुम्ही विचाराल. बांधकामाची परवानगी वरून येते, हे खरं. पण कायदा अगदीच मुका नाही. 1993 चा राज्याचा भूजल कायदा सार्वजनिक पिण्याच्या स्रोताभोवती 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदू देत नव्हता. त्याची जागा घेणारा 2009 चा कायदा 2014 पासून लागू झाला. त्यात विहिरींची आणि खोदाई यंत्रांची नोंदणी सांगितली आहे आणि 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना वेगळं काढून निर्बंध घातले आहेत. 2011 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसायला मनाई केली होती, सूट फक्त स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापराला. 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून, हाताने, आणि दुसरा स्रोत नसेल तरच. हे वाचून हसू येतं, कारण हाताने पाणी काढणारं रिसॉर्ट मी अजून पाहिलेलं नाही. तरतुदी आहेत. गावातून कोणी बोट ठेवलं तरच त्या जाग्या होतात, आणि बोट ठेवण्यासाठी हातात आकडे लागतात.

आकडेच नाहीत, हे आपलं खरं दारिद्र्य आहे. आपल्या अलिबागेत 1904 पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याहून ती इथे हलवली आणि तेव्हापासून पृथ्वीचं चुंबकत्व इथे रोज मोजलं जातं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या गावात विहिरीचं मीठ मात्र कोणी मोजत नाही. सरकारी निरीक्षण विहिरी आहेत, पण गावागणिक एकही येत नाही. त्यांची पातळी वर्षातून चारदा घेतात, आणि खारेपणाचा चढ पकडायला ते पुरत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी पैशांची नाहीच म्हणा. पाण्यात मीठ जितकं जास्त तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त, आणि ती मोजणारा हातातला मीटर काही हजार रुपयांत येतो. प्रत्येक ग्रामपंचायतीने समुद्राकडून शेताकडे जाणाऱ्या एका रेषेत आठ-दहा विहिरी निवडाव्यात: काही पुळणीलगत, काही आळीत, काही शेताकडेला. ऑक्टोबर ते जून, महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच तिथीला म्हणजे भरतीची स्थिती सारखी राहील, पातळी आणि वाहकता घ्यावी. एक खबरदारी: पोहरा सोडून वरचं पाणी मोजू नका, वर गोडंच लागतं. मोटर तासभर चालू द्या आणि मग पाणी घ्या. आकडा 700 मायक्रोसिमेन्सच्या आत असेल तर शेतीला चिंता नाही. 3000 च्या वर गेला तर बहुतेक पिकांना ते पाणी जड आहे. मधल्या पट्ट्यात दर महिन्याला आकडा कुठे चालला आहे ते बघायचं. हे काम हायस्कूलची मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली उत्तम करतील, माझ्या खात्यातल्या काही लोकांपेक्षा निश्चित बरं. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, आळीच्या नावासकट.

दुसरी मागणी ना-हरकतीबद्दल. अर्जात तीन रकाने वाढवा: रोज किती पाणी लागणार, ते कुठून येणार, आणि शेतात किती उंच भराव होणार. भरतीरेषेजवळच्या पट्ट्यात नव्या बोअरला ग्रामपंचायतीने लेखी हरकत घ्यावी आणि ती जिल्हाधिकारी व भूजल खात्याकडे पाठवावी. उथळ विहिरीला हरकत नसावी. तलावाला परवानगी हवी तर छपराच्या पाण्याची टाकी आधी बांधलेली दाखवा. भरावामुळे जुनी पाण्याची वाट बुजत असेल तर तो अर्ज तिथेच थांबवा. त्यासाठी पाण्याच्या वाटांचा नकाशा लागेल. तलाठ्याकडचा गावनकाशा आणि गावातली दोन म्हातारी माणसं बरोबर घेतली तर एका उन्हाळ्यात तो तयार होतो. म्हातारी माणसं असेपर्यंत तो करून घ्या.

उमटे धरणाचं किंवा दुसऱ्या योजनेचं नळपाणी येतं आहे, मग विहिरींचं एवढं कशाला, असं काही सदस्य म्हणतील. नळाचं पाणी पिण्यापुरतं आहे, वाडीला ते कधीच पुरणार नाही. आणि निसर्ग वादळानंतर वीज नव्हती, नळ कोरडे होते, तेव्हा रहाटगाडगं मोडून टाकलेल्या त्याच विहिरींवर दोर-पोहरा घेऊन आळीच्या आळी उभ्या होत्या.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती. तेव्हा सुरुवात केली तर 1 मेच्या ग्रामसभेपुढे सात महिन्यांचे आकडे ठेवता येतील, आणि बोअरचा पुढचा अर्ज त्या आकड्यांसमोर वाचला जाईल. मुलांना मीटर कसा धरायचा ते दाखवायला मी कोणत्याही गावात येईन. सकाळी बोलवा, दुपारी वाडीला पाणी असतं.

आपला,
नागाव-चौल पट्ट्यातला एक वाडीवाला